मुंबईत जुना फ्लॅट घेऊन, सुधारून विकणे: नवख्यांसाठी पैशाचा आणि ग्राहकाचा हिशेब

जुना फ्लॅट विकत घ्यायचा, ओटा, फरशी, नळ आणि रंग नवे करायचे आणि सात-आठ महिन्यांत चढ्या भावाने विकायचा, ही कल्पना मुंबईत नवी नाही. बरेच इस्टेट एजंट आपला मुख्य धंदा सांभाळून हेही करत आले आहेत. ‘हाउस फ्लिपिंग’चे अमेरिकी व्हिडिओ पाहून आता नोकरदार माणसालाही वाटू लागते की, थोडी बचत आणि चांगला सुतार हाताशी असला की आपणही हे करू शकू. व्हिडिओत भिंती पाडण्याचे आणि रंगरंगोटीचे दृश्य भरपूर असते. मुंबईतला नफा ज्या दोन गोष्टींवर ठरतो, त्या मात्र कॅमेऱ्यात येत नाहीत. आपला पैसा किती महिने आणि किती दराने अडकून राहिला ही पहिली गोष्ट, आणि आपल्याकडून घर घेणाऱ्याला त्याची बँक कर्ज देईल की नाही ही दुसरी.

अमेरिकेत नवख्यांना एक ठोकताळा सांगितला जातो. दुरुस्तीनंतर घर ज्या किमतीला विकले जाईल तिचे ७० टक्के काढावेत, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे खरेदीला देऊ नयेत, असा तो नियम आहे. सव्वा कोटीला विकला जाऊ शकेल अशा फ्लॅटवर ८ लाख खर्च होणार असतील, तर या हिशेबाने तो साडेएकोणऐंशी लाखांत मिळायला हवा. मुंबईत चालू स्थितीतला, कागदपत्रे सरळ असलेला फ्लॅट इतका खाली उतरून कोणी देत नाही, त्यामुळे हा नियम इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यामागचा विचार पक्का आहे, कारण खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये जे खर्च दबा धरून बसलेले असतात, त्यांच्यासाठी तो आधीच जागा राखून ठेवतो.

ते खर्च मुंबईत किती होतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. फ्लॅटची किंमत १ कोटी धरली, तर मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ६ टक्के म्हणजे ६ लाख रुपये आणि नोंदणी फी ३० हजार रुपये होते. एजंटाची दलाली १ टक्का धरली तर आणखी १ लाख, सोसायटीची हस्तांतर फी, जिची कमाल मर्यादा २५ हजार आहे, आणि वकील व कर्जाची कागदपत्रे यांचे साधारण ७५ हजार. दुरुस्तीचे ८ लाख. ७५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने घेतले, तर सुरुवातीला महिन्याला सुमारे ५६ हजार रुपये निव्वळ व्याजात जातात, म्हणजे नऊ महिन्यांत ५ लाखांच्या आसपास. त्या काळातले मेंटेनन्स, वीजबिल आणि मालमत्ता कर मिळून ४५ हजार धरू. ही बेरीज १ कोटी २२ लाखांच्या जवळ जाते. विकताना पुन्हा १ टक्का दलाली आहेच. थोडक्यात, १ कोटीला घेतलेला फ्लॅट सुमारे १ कोटी २३ लाखांना विकला, तर हाती नफा शून्य आणि तोटाही शून्य. सव्वा कोटी आले, तर करापूर्वी जेमतेम दोन लाख सुटतात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, विक्री लांबली की व्याज आणि मेंटेनन्स मिळून दिवसाला दोन हजार रुपये जातात, मग घरात गवंडी काम करत असो वा कुलूप असो. दुसरी अधिक बोचरी आहे. ७५ लाखांचे कर्ज मंजूर झाले तरी २५ लाखांचा स्वतःचा हिस्सा, शुल्क, दुरुस्ती आणि नऊ महिन्यांचे हप्ते हे सगळे पदरचेच असल्यामुळे रोख तयारी जवळजवळ ४८ लाखांची लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचे असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठे असेल तर ७५ टक्क्यांपर्यंतच मिळू शकते. १० लाखांहून महाग घरांच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. शिवाय बँकेच्या मूल्यांकनकाराने करारातल्या किमतीपेक्षा कमी आकडा लावला, तर कर्ज त्या आकड्यावर मोजले जाते.

पैसा उभा करण्याचे मार्ग

गृहकर्ज हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वैयक्तिक नावावर, बदलत्या व्याजदराने घेतलेले गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही आणि नऊ महिन्यांत घर विकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. स्थिर दराच्या कर्जात ही खात्री नसते, म्हणून एखाद-दुसरा शतांश वाचतो म्हणून त्याकडे वळू नये. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली रक्कम हाताशी असेल, तर ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे गृहकर्ज बघावे. त्यात खात्यात पडून असलेल्या रकमेइतके व्याज कमी लागते आणि कंत्राटदाराचे बिल आले की ती रक्कम काढताही येते. राहत्या घरावर तारण कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणारेही असतात. त्याचा व्याजदर गृहकर्जापेक्षा चढा असतो, आणि विक्री फसली तर हप्त्याचा ताण डोक्यावरच्या छपरावर येतो. पहिल्याच व्यवहारासाठी मी हा मार्ग कोणाला सुचवणार नाही.

खासगी सावकारीचे पैसे बाजारात सहज मिळतात, पण महाराष्ट्रात सावकारीला २०१४ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि बिनपरवाना सावकार वसुलीला कसा येतो हे चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. भागीदारी हा मार्ग त्याहून बरा, मात्र ती लेखी हवी आणि ज्याचा पैसा त्याचे नाव करारनाम्यात हवे. ‘नाव त्याचे, पैसा माझा’ हा जुना शिरस्ता बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो आणि मालमत्ता जप्त होण्याची वेळ येऊ शकते. पती किंवा पत्नीच्या नावे, ज्ञात उत्पन्नातून केलेली खरेदी याला अपवाद आहे. केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही मिळते, म्हणजे वरच्या उदाहरणात १ लाख वाचतात. मात्र पैसा नवऱ्याचा असेल, तर विक्रीवरचा नफा प्राप्तिकरासाठी त्याच्याच उत्पन्नात धरला जाऊ शकतो.

नवख्याने सर्वांत आधी विचार करावा असा आणखी एक मार्ग आहे आणि तो अनेकांच्या ध्यानातच येत नाही. घर विकत न घेता मूळ मालकाशी लेखी करार करायचा, दुरुस्तीचा खर्च आणि विक्रीची धावपळ आपण करायची, घर त्याच्याच नावावर ठेवायचे आणि ठरलेल्या रकमेपेक्षा वर येणाऱ्या पैशात वाटणी घ्यायची. वडिलोपार्जित जुना फ्लॅट असलेली, परदेशात किंवा पुण्याला स्थायिक झालेली भावंडे अशा प्रस्तावाला तयार होऊ शकतात. यात खरेदीचे मुद्रांक शुल्क आणि ७५ लाखांचे व्याज या दोन्ही गोष्टी टळतात. करारनामा वकिलाकडूनच करून घ्यावा. मोबदला देऊन कुलमुखत्यारपत्रावर घर ‘घेण्याची’ पळवाट मात्र पूर्णपणे टाळावी, कारण अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

बँकांच्या लिलावात घर स्वस्त मिळते, असे ऐकू येते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होणाऱ्या या लिलावात घर ‘आहे तसे, आहे तिथे’ विकले जाते. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते आणि विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेली. इतक्या कमी वेळात सामान्य गृहकर्ज मंजूर होणे कठीण असते. सोसायटीची थकबाकी आणि प्रत्यक्ष ताबा हे प्रश्न बहुधा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. स्वस्ताईचे कारण तेच आहे, आणि पहिल्या खेपेला तिच्यामागे न लागलेले बरे.

कुठला फ्लॅट घ्यावा

इथे माझे ठाम मत असे आहे की, मुंबईत फरशीपेक्षा फाइल सुधारण्यात अधिक पैसे आहेत. कुजलेली खिडकी आणि पोपडे आलेला रंग प्रत्येकाला दिसतो, त्यामुळे तेवढ्यासाठी मिळणारी सूट किरकोळ असते. याउलट वडिलांच्या नावावरचे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट तसेच राहिले आहे, एका बहिणीचे हक्कसोडपत्र व्हायचे आहे, मधल्या एका विक्रीचा करारनामा हरवला आहे, अशा घरावर कर्ज मिळत नाही. गिऱ्हाईक येते आणि परत जाते, आणि मालक कंटाळून भाव उतरवतो. नामनिर्देशन असले म्हणजे मालकी मिळाली असा सोसायट्यांमध्ये पसरलेला समज चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, आणि सही सर्व वारसांची लागते. हे प्रश्न सुटण्यासारखे आहेत की नाहीत, ते टोकन, म्हणजे बयाण्याची रक्कम, देण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावे. वारसांमध्ये तंटा असेल तर दूर राहावे. नुसता आळस किंवा अंतर आडवे आले असेल, तर ती संधी आहे.

काही घरे मुळातच या धंद्याला चालत नाहीत. म्हाडाच्या सोडतीत मिळालेले घर ताब्यानंतर ५ वर्षे विकता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या मोफत घरांवरही ठरावीक काळ विक्रीला मनाई असते. पागडीच्या, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि घरमालकाचा वाटा वेगळाच. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘ओसी’ म्हणतात, ते नसलेल्या इमारतीत तर पुढच्या ग्राहकांपैकी बरेचसे पहिल्याच प्रश्नाला गळतात.

पुनर्विकासाचा मुद्दा मुंबईचा खास आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, आणि अहवाल वाईट आला किंवा एखादा बिल्डर येऊन भेटला की सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू होते. त्या क्षणापासून फ्लॅटची किंमत आतल्या सजावटीवर ठरत नाही, तर किती चौरस फूट जादा मिळणार आणि भाडे कोण देणार यावर ठरते. पाडल्या जाणाऱ्या इमारतीत आठ लाखांचे मॉड्युलर किचन बसवणे म्हणजे पैसे ढिगाऱ्यात टाकणे होय. म्हणून खरेदीपूर्वी सोसायटीच्या मागील दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मालकाकडून मागून वाचावीत. त्यांत गळती, दुरुस्ती निधी, कोर्टकचेरी आणि पुनर्विकास यांबद्दल जे सापडते, ते कोणताही एजंट सांगत नाही.

भाव ठरवण्यासाठी संकेतस्थळांवरच्या जाहिरातींवर विसंबू नये, कारण तिथे मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेवर त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘इंडेक्स टू’, पाहता येतो. त्यात मोबदल्याची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. गेल्या वर्षभरातले असे चार-पाच व्यवहार कारपेट, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या, क्षेत्रफळाच्या दराने मांडले की, सुधारलेल्या घराला जास्तीत जास्त काय मिळेल याचा अंदाज येतो. त्या आकड्यापासून उलट मोजत खरेदीची किंमत ठरवावी.

कामाबद्दल थोडेच

दुरुस्ती ग्राहकाला दिसेल तिथे आणि त्याच्या बँकेच्या मूल्यांकनकाराला खटकेल तिथे करावी. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, जस्त चढवलेले जुने लोखंडी पाइप, वायरिंग आणि खिडक्या यांवरचा खर्च सहसा वसूल होतो. खोट्या छतावरचा आणि भडक वॉलपेपरवरचा होत नाही. संडास किंवा मोरीची जागा हलवू नये, कारण खालच्या घराच्या छतावर ओल उमटली की सोसायटीत तक्रार होते आणि ती तक्रार नेमकी ग्राहक घर पाहायला येईल तेव्हा जिन्यात त्याला ऐकवली जाते. कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी, डिपॉझिट आणि कामाच्या वेळा पक्क्या कराव्यात, डेब्रिज कुठे जाणार हेही ठरवावे, आणि प्रत्येक बिल कंत्राटदाराकडून नावानिशी घ्यावे. बिले पुढे कर मोजताना लागतात. पक्के बिल नको असेल तर दर कमी लावतो, असे सांगणाऱ्याचे ऐकून वाचलेले पैसे करात जातात.

ग्राहक मिळवणे

सव्वा कोटीचा फ्लॅट घेणारा माणूस कोण असेल, याचा विचार आधी करावा. ७५ टक्के कर्ज धरले, तर त्याला सव्वाएकतीस लाख हिस्सा आणि जवळजवळ आठ लाख शुल्क असे ३९ लाख स्वतःचे आणावे लागतात. एवढी रक्कम बहुधा आधीचे लहान घर विकणाऱ्याकडे असते. म्हणजे आपला व्यवहार त्याच्या विक्रीवर अवलंबून राहतो, आणि टोकन घेताना त्याच्या घराचा करार कुठवर आला आहे हे विचारणे उद्धटपणाचे नाही, आवश्यकच आहे.

जाहिरातीत क्षेत्रफळ कारपेटमध्येच द्यावे. त्याबरोबर मजला, लिफ्ट, पार्किंग, पाण्याची वेळ, ओसी आहे की नाही आणि स्टेशनपर्यंत पायी लागणारी खरी मिनिटे लिहावीत. ‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ असे लिहून रिक्षाची मिनिटे सांगणाऱ्या जाहिराती इतक्या झाल्या आहेत की खरे अंतर लिहिणाऱ्याचा फोन आधी वाजतो. फोटो सकाळच्या उजेडात, दारे-खिडक्या उघडून आणि घर रिकामे किंवा अगदी मोजक्या सामानासह काढावेत. ओट्याचा, न्हाणीघराचा आणि खिडकीतून दिसणाऱ्या बाहेरच्या दृश्याचा फोटो टाळला, की ग्राहक तिथेच काहीतरी लपवले आहे असे समजतो. ‘फक्त अमुक समाजासाठी’ किंवा ‘फक्त शाकाहारी’ अशा ओळी मुंबईच्या जाहिरातींत अजून दिसतात. ते किती अनुचित आहे हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी ज्याला लवकर विकायचे आहे त्याने स्वतःच्या हाताने ग्राहक कमी करावेत, हे मला समजत नाही.

मुंबईत पुनर्विक्रीचा बाजार अजून मोठ्या प्रमाणात एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. दहा एजंटांना एकाच वेळी किल्ली दिली, तर तोच फ्लॅट पाच वेगवेगळ्या किमतींना फिरतो आणि ग्राहकाला वाटते की मालक घाईला आला आहे. त्यापेक्षा त्या इमारतीच्या आसपास काम करणाऱ्या एक-दोघांना ठरावीक मुदतीसाठी काम द्यावे, दलाली आणि किमान किंमत लेखी ठरवावी आणि सोबतीला संकेतस्थळांवर स्वतःची जाहिरात ठेवावी. सोसायटीच्या सूचनाफलकाला कमी लेखू नये. त्याच इमारतीतला भाडेकरू किंवा मुलासाठी शेजारचे घर शोधणारे काका हे चांगले ग्राहक असतात, कारण त्यांना इमारत पटवून द्यावी लागत नाही.

विक्रीचा काळही पाहावा. पितृपक्षात टोकन द्यायला अनेक घरांतून नकार येतो, तर दसरा, दिवाळी, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास निर्णय लवकर होतात. पावसाळ्यात ग्राहक कमी फिरतात, पण जुलैत घर दाखवण्याचा एक फायदा आहे. बेडरूमची पश्चिमेची भिंत कोरडी आहे हे तेव्हा बोलून सांगावे लागत नाही.

जाहिरातीतला सर्वांत परिणामकारक भाग मात्र ती फाइलच. पहिल्या करारापासून आजपर्यंतचे सर्व करारनामे आणि त्यांचे इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, ओसी, मेंटेनन्स व मालमत्ता कराच्या अलीकडच्या पावत्या, आणि आपल्या कर्जाचे बँकेचे पत्र हे सगळे स्कॅन करून एका ठिकाणी ठेवावे. विक्रीला सोसायटीची पूर्वसंमती नियमाने बंधनकारक नसली तरी ग्राहकाची बँक ना-हरकत पत्र मागतेच, म्हणून तो अर्जही आधीच देऊन ठेवावा. गंभीर ग्राहकाला ही फाइल दुसऱ्या भेटीत देता आली, तर त्याच्या बँकेचा वकील आठवड्याभरात अहवाल देऊ शकतो. ती नसेल, तर तोच अहवाल महिनाभर अडतो, आणि दिवसाचे दोन हजार आपलेच जातात.

शेवटचा टप्पा

आपले कर्ज चालू असताना विकताना ग्राहकाची बँक आपली बाकी रक्कम थेट आपल्या बँकेला देते आणि उरलेली आपल्याला. संपूर्ण कर्जफेडीनंतर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत केली नाहीत, तर बँकेने दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर ग्राहक १ टक्का रक्कम प्राप्तिकरापोटी कापून भरतो. आपण खरेदी करताना हेच काम आपल्याकडे होते, हे विसरू नये. किमतीचा काही भाग रोखीने घेण्याची गळ घातली गेली, तर साफ नकार द्यावा. कायद्यानुसार अशा व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो.

घर २४ महिन्यांच्या आत विकले, तर नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. दीर्घ मुदतीचा साडेबारा टक्के दर इथे मिळत नाही. एकामागून एक असे व्यवहार केले, तर प्राप्तिकर खाते त्याला व्यवसाय समजू शकते. विक्रीची किंमत रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेल्या, मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक खाली गेली, तर कर रेकनरच्या आकड्यावर मोजला जातो. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या मुद्दलावर वजावट घेतली असेल, तर ५ वर्षांच्या आत घर विकल्यावर ती परत उत्पन्नात धरली जाते. हा सगळा हिशेब विक्रीचा करार नोंदवला जाईल त्याच तिमाहीत चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्यावा, कारण नफ्यावरचा आगाऊ कर वेळेत भरला नाही तर त्यावरही व्याज लागते.